आई-बाबांसाठी टीव्ही घेताना

२२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत तीच धरली, तर तीस हजारांच्या टीव्हीमागे साधारण तेवीसशे रुपये वाचतात. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुलं-मुली गावाकडच्या आई-बाबांसाठी टीव्ही घेतात तो बहुतेकदा सणासुदीच्या दिवसांत. घेतात मात्र बहुधा स्वतःच्या आवडीने. पंचावन्न इंच, फोर-के, क्यूएलईडी असलं सगळं पाठ करून दुकानात जातात. आणि आई-बाबा त्यावर बघणार असतात सह्याद्री वाहिनी, संध्याकाळच्या मालिका, बातम्या नि सकाळचं कीर्तन.

म्हणून दुकानात जाण्याआधी गावच्या घरी फोन करून दोन मापं मागवावीत. पहिलं, टीव्हीची जागा किती रुंद आहे. जुन्या घरांतल्या शोकेसचा मधला खण डब्यासारख्या एकवीस इंची टीव्हीसाठी केलेला असतो. आजचा ४३ इंची टीव्ही सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ सेंटिमीटर उंच असतो. तो त्या खणात जात नाही. बरं, खणाबाहेर टेबलावर ठेवावा, तर बहुतेक मॉडेलांचे पाय मधोमध नसून दोन टोकांना असतात. टेबल आखूड असेल तर एक पाय हवेत. भिंतीवर लावायचा असेल तर भिंत कसली आहे ते विचारा. मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीत खुंटी धरत नाही आणि कंपनीचा माणूस ‘आमची जबाबदारी नाही’ म्हणून मोकळा होतो.

दुसरं माप, बसण्याची जागा आणि पडदा यांतल्या अंतराचं. फोर-के पडद्यावर ८३ लाखांच्या आसपास ठिपके असतात, फुल एचडीवर सुमारे २१ लाख. चौपट फरक कागदावर भारी वाटतो. पण ४३ इंची फुल एचडी पडद्याचे ठिपके निरोगी नजरेलासुद्धा साडेपाच-सहा फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत. बाबांचा दिवाण आठ-दहा फुटांवर असेल आणि मोतीबिंदूची सुरुवात झाली असेल, तर ते चौपट ठिपके कुणासाठी? ४३ इंचांत आता फोर-केच जास्त मिळतो, तेव्हा तो घ्या. पण तेवढ्यासाठी जादा पैसे मोजू नका.

खरी गोम वाहिनीत असते. आपल्याकडची साधी, म्हणजे एसडी वाहिनी ५७६ ओळींचं चित्र पाठवते. फोर-के पडद्यावर ओळी २१६०. उरलेलं चित्र टीव्ही अंदाजाने भरतो आणि पडदा जितका मोठा तितका तो अंदाज उघडा पडतो. पंचावन्न इंची टीव्हीवर चेहरे धुरकट दिसले की आई म्हणते, जुनाच बरा होता. तिचं चुकत नाही. घरात डीडी फ्री डिश असेल, तर डिसेंबर २००४मध्ये सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचे पैसे लागत नाहीत, पण तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या एसडीच आहेत. अशा घरात ३२ किंवा ४३ इंचांपुढे जाऊ नये. सेटटॉप बॉक्स जुना, पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचा असेल, तर नव्या टीव्हीला त्या पिनांची जागा आहे का तेही बघा. अनेकांना नसते. अशा वेळी एचडी बॉक्स आणि एचडी पॅकचा वर्षभराचा खर्च आपण भरणं ही महागड्या पडद्यापेक्षा चांगली भेट ठरते.

आता आवाज. माझ्या मते आई-बाबांच्या टीव्हीत सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी विचारली जाणारी गोष्ट हीच. टीव्ही पातळ झाला तसे स्पीकर मागे किंवा तळाशी गेले. आवाज आधी भिंतीवर नाहीतर टेबलावर आपटतो आणि मग कानाशी येतो. त्यात वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्या पट्टीतलं. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं तिथेच असतात, स्वर खाली. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, ‘ऐकू येतंय, पण बोलतात काय ते कळत नाही.’ आवाज वाढवला की पार्श्वसंगीतही तेवढंच वाढतं, शेजारच्या खोलीतला वैतागतो, आणि संवाद मात्र तसाच हरवलेला.

यावर दोन उपाय आहेत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘स्पीच’ अशा नावाची सोय असते, ती आधी लावून बघा, फुकट आहे. तेवढ्याने भागलं नाही तर साधा साउंडबार घ्या, संवाद उठावदार करणारा. दणदणाटी सबवूफर नको, त्याने संवादाला काहीच मदत होत नाही. टीव्हीला एचडीएमआय एआरसीची जोडणी असेल तर टीव्हीच्या रिमोटनेच साउंडबारचा आवाज कमीजास्त होतो. बाबांना ब्लूटूथ हेडफोन द्यायचा विचार असेल, तर एक गोष्ट दुकानातच करून बघा: अनेक टीव्हींत हेडफोन जोडला की स्पीकर बंद पडतात. बाबा बातम्या ऐकतात आणि आई मूकपट बघते.

पडद्याच्या जातींबद्दल थोडक्यात. क्यूएलईडी म्हणजे रंग सुधारण्यासाठी एक जादा थर असलेला एलसीडीच. ओएलईडीचं चित्र देखणं, पण महाग. शिवाय दिवसभर एकच वृत्तवाहिनी लावून ठेवणाऱ्या घरात तिच्या लोगोचा कायमचा डाग पडद्यावर उमटण्याचा धोका असतो. पडद्याची जात बघण्याऐवजी दुकानात टीव्हीच्या अगदी बाजूला जाऊन उभे राहा. आई स्वयंपाकघराच्या दारातून मालिका बघते ती त्याच कोनातून. तिथून रंग फिके पडत असतील, तर ते मॉडेल सोडा.

रिमोटची कथा निराळी. टीव्हीचा एक, सेटटॉप बॉक्सचा एक, दोन्हींवर पारदर्शक पिशवी आणि रबर. चुकून ‘सोर्स’चं बटण दाबलं जातं, पडद्यावर ‘नो सिग्नल’ येतं आणि आपल्याला भर मीटिंगमध्ये फोन येतो, टीव्ही बिघडला म्हणून. एचडीएमआय सीईसी सुरू केलं तर दोन्ही यंत्रं एकमेकांबरोबर चालूबंद होऊ शकतात, आणि अनेकदा एका रिमोटवर भागतं. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिमप्लिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. टीव्ही सुरू होताच जाहिरातींच्या चौकटींऐवजी थेट सेटटॉप बॉक्सचं चित्र यावं, अशी सोयही बऱ्याच टीव्हींत असते. विकत घेण्यापूर्वी ती विचारून घ्या. आणि टीव्हीवरच्या खात्याला पिन लावा, नाहीतर नातवंडं सुट्टीत येऊन कशाकशाचे पैसे भरतील.

विजेचं म्हणाल तर आजकालच्या बहुतेक टीव्हींच्या मागे १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, त्यामुळे थोड्याफार चढउताराची भीती नाही. भीती आहे ती वळवाच्या गडगडाटाची. वीज डिशच्या वायरीतूनही आत येते. तेव्हा प्लगबरोबर ती वायरही काढायला आई-बाबांना दाखवून ठेवा.

खोकं गावी पोहोचवताना उभंच न्यावं, आडवं नव्हे. पडदा तडकला तर वॉरंटी कामाला येत नाही आणि नवा पडदा जवळपास नव्या टीव्हीच्या किमतीत पडतो. गावच्या पिनकोडवर कंपनीची सेवा आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा, आणि खोकं कंपनीच्या माणसासमोरच उघडा. टीव्ही दिवाळीच्या आदल्या दिवशी पोहोचेल असा मागवू नका. सणाच्या गर्दीत बसवायला कुणी येत नाही. तुम्ही सुट्टीला घरी असताना तो भिंतीवर लागू दे, आणि निघण्याआधी आईला एकटीला तो चालूबंद करायला लावा.