तळ्याची पहाट

गावच्या तळ्यात एखाद्या सकाळी मेलेल्या माशांचा खच दिसला की पहिली शंका येते ती कुणी विष कालवल्याची. कधी ती खरीही ठरते. पण पुष्कळदा मासे मरतात ते गुदमरून, तेही पहाटे.

शून्य अंशाच्या लिटरभर पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना साडेसातच. उष्ण पाण्याची शिदोरी अशी निम्मी, आणि भूक मात्र मोठी: तापमान दहा अंशांनी वाढले की माशांचे आणि जिवाणूंचे श्वसन साधारण दुप्पट होते. थंड देशांतील सरोवरांवर बेतलेली पुस्तके हिवाळ्यातला बर्फ आणि वसंतात वरखाली होणारे पाणी यांवर पानेच्या पाने खर्चतात. इंदूरच्या सिरपूर तलावाला त्याचा काय उपयोग? २०२२ साली रामसर यादीत गेलेला हा होळकरकालीन तलाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे; तिथे कधी बर्फ धरत नाही.

अशा तळ्यांत खरी उलथापालथ दिवसरात्रीची. सांडपाण्यावर माजलेले शेवाळ दिवसा प्राणवायू तयार करते, इतका की दुपारी पाणी त्याने तुडुंब होते. अंधार पडताच निर्मिती थांबते, श्वसन चालूच राहते. सूर्योदयाच्या सुमारास साठा तळाला जातो. रोहू, कटला पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. मरळ आणि मागूर हवेतून श्वास घेऊ शकतात, म्हणून तगतात. त्यात आदला दिवस ढगाळ गेला, किंवा पहिल्या पावसाने गटारांतली घाण आत आणली, की संपलेच.

आता विचार करा, पाण्याचे नमुने घ्यायला मंडळी केव्हा येतात? बहुधा कचेरीच्या वेळेत. हिरवेगार पाणी अकरा वाजता चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होते आणि कागदावर तळे निरोगी ठरते. माझ्या मते विद्यार्थ्याला पहिला धडा हाच द्यावा: किती मोजले, याआधी केव्हा मोजले ते विचार.

त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली दिलेली पद्धत अजून चालते. बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची, तिथल्या तिथे मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचे. (अल्कली दाहक, हातमोजे हवेतच.) प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. दुपारी तीनची बाटली आणि पहाटे पाचची बाटली शेजारी ठेवा, आणि मुलांना आधी काही न सांगता नुसते पाहू द्या.