‘पोरं चिडवतातच’ आणि इतर समजुती

शाळेचं गॅदरिंग. नववीतला पोरगा नऊवारी नेसून लावणीवर नाचतो. शिट्ट्या पडतात, ‘वन्स मोअर’ होतो, पुढच्या रांगेतले पाहुणे उठून शंभराची नोट देतात. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याच पोराला पाण्याच्या टाकीजवळ कोणी उभं राहू देत नाही. ‘ए बायल्या, पोरींच्या नळावर जा की!’ काल टाळ्या वाजवणारे सर व्हरांड्यातून बघतात आणि हसू दाबत वर्गात जातात. अकोल्यापासून जामखेडपर्यंत नगर जिल्ह्याचे, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगरचे, चौदा तालुके आहेत. हे दृश्य ओळखीचं वाटणार नाही असा एखादा त्यात सापडेल, असं मला वाटत नाही.

ज्यांना आपल्याच लिंगाच्या व्यक्तीबद्दल ओढ वाटते, किंवा ज्यांचं ‘तसं’ असेल असं इतरांनीच परस्पर ठरवलंय, अशा मुलामुलींच्या छळाबद्दल हे लिहितोय. समजुती पारावर, स्टाफरूममध्ये आणि लग्नाच्या मांडवात कानावर पडतात तशाच दिल्या आहेत.

‘पोरं एकमेकांना चिडवतातच. त्यात काय एवढं?’

जाड्या, चष्मिस, काळ्या. शाळेत नावं सगळ्यांनाच पडतात, हे खरं. पण ज्याला जाड्या म्हणतात तो घरी जाऊन आईला सांगू शकतो. आई चार शिव्या घालते, उद्या बाईंना भेटते म्हणते. ज्याला छक्का म्हणतात तो घरी काय सांगणार? सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘तुलाच का म्हणतात?’ त्या एका प्रश्नाच्या भीतीनं तो गप्प बसतो. बाकीच्या चिडवण्यात घर पाठीशी असतं, इथं घराचीच धास्ती असते.

मग बाहेरून दिसणारी लक्षणं वेगळीच असतात. खेळाच्या तासाच्या दिवशी पोट दुखतं. संडासात पोरं गाठतील म्हणून दिवसभर पाणी प्यायचं नाही. एसटीत मागच्या सीटवर टोळकं असतं, म्हणून पहिली गाडी सोडून दुसरीनं जायचं आणि उशिरा आल्याबद्दल पुन्हा बोलणी खायची. प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो, ‘अनियमित’.

युनेस्कोनं तामिळनाडूत अशा साडेतीनशेहून अधिक तरुणांशी बोलून एक अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत असताना मारहाण, धक्काबुक्की सोसल्याचं ६० टक्क्यांनी सांगितलं. शाळेकडे तक्रार केली होती ती फक्त १८ टक्क्यांनी. शिक्षण सुटायला हा छळच मुख्यतः कारणीभूत ठरला, असं जवळपास एक तृतीयांश मुलांनी सांगितलं. तामिळनाडू म्हणजे नगर नव्हे, मान्य. पण आपल्याकडची पोरं तिकडच्यांपेक्षा जास्त मायाळू आहेत असं मानायला मला तरी काही आधार दिसत नाही.

‘हे पुण्या-मुंबईचं फॅड. आपल्याकडं असलं नव्हतंच.’

र. धों. कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ साली निघालं. त्यात वाचक पत्रं पाठवून आपल्या अडचणी विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. त्या प्रश्नांमध्ये समलिंगी संबंधही होते. अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला आणि त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे हरले, २०० रुपये दंड झाला. म्हणजे टीव्ही, मोबाइल काही नसताना मराठी माणूस पोस्टाचं तिकीट लावून हा प्रश्न विचारत होता. फॅड म्हणायचं तर ते नव्वदीच्या पुढचं आहे.

पुढं १९८१ मध्ये तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आलं. मुलीवर प्रेम करणारी मुलगी नायिका, तीही मराठी नाटकात. नाटक मोठंच आहे, पण त्यातली मित्रा शेवटी जीव देते. अशा मुलीची गोष्ट तिथंच संपते, हे मराठी प्रेक्षकाच्या मनात तेव्हापासून घट्ट बसलंय. आज अठरा वर्षांच्या मुलीच्या हातात पहिलं म्हणून हेच नाटक पडावं असं मला वाटत नाही. आधी सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी वाचावी.

‘बायकी वागतो, म्हणजे तसलाच.’

गणपत पाटील आठवा. तमाशापटांतला नाच्या त्यांनी इतका जिवंत केला की लोकांनी भूमिका आणि माणूस यात फरकच ठेवला नाही. ते संसारी गृहस्थ होते, मुलंबाळं होती, तरी टोमणे त्यांना चुकले नाहीत आणि घरच्यांनाही चुकले नाहीत. चालण्या-बोलण्याची ढब आणि मनाची ओढ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नाजूक बोलणाऱ्या पोराला मुलगीच आवडत असेल, आणि तालमीत घुमणाऱ्या, बैलपोळ्याला पुढं नाचणाऱ्या पैलवानाला पुरुष. दोघांपैकी पहिल्याचा छळ होतो, दुसरा आयुष्यभर धास्तावून जगतो आणि कित्येकदा पहिल्याला चिडवण्यात सगळ्यात पुढं असतो.

यात मुली दिसतच नाहीत. दोन मुली हातात हात घालून फिरल्या तर कोणाला काही वाटत नाही, म्हणून ‘मुलींमध्ये नसतं’ असा सोयीचा समज. संशय आला की मात्र मुलीचा छळ शाळेच्या मैदानावर होत नाही, घरात होतो. आधी मोबाइल जातो, मग मैत्रीण तुटते, मग कॉलेज सुटतं आणि पाव्हणे बघायला येतात. सगळं चार भिंतींच्या आत, त्यामुळं तक्रारही नाही आणि आकडाही नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर तो बालविवाह ठरतो आणि मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकावर एक फोन करून तो थांबवता येतो, हे निदान तिच्या मैत्रिणींना माहीत असायला हवं.

‘डॉक्टरला दाखवा, नाहीतर लग्न लावून द्या. होईल सरळ.’

जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनं, २०१८ मध्ये हा आजार नाही असं स्पष्ट केलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये असले ‘सुधारण्याचे’ उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असं ठरवलं. कोणी डॉक्टर गोळ्या-इंजेक्शननं किंवा शॉक देऊन पोरगा ‘बरा’ करून देतो म्हणाला, तर वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. अंगारा, दोरा, कोंबडं कापणं यांच्याबद्दल परिषद काही करू शकत नाही. तिथं घरातल्याच कोणीतरी पाय रोवून उभं राहावं लागतं.

मानसोपचारतज्ज्ञाकडं जायचंच नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. वर्षानुवर्षं टोमणे खाल्लेल्या मुलाची झोप उडते, भूक जाते, जगणं नको होतं. त्यावर उपचार आहेत आणि ते घ्यावेत. लैंगिक कलावरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंच दिलाय.

आणि लग्न. त्यानं एकाऐवजी दोन आयुष्यं वाया जातात. दुसरं आयुष्य ज्या मुलीचं, तिला कोणी काही विचारलेलंच नसतं.

‘तक्रार केली तर आपणच अडकू.’

ही समजूत सर्वांत घातक आहे, कारण छळणाऱ्याचं भांडवल तीच असते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, ज्याखाली हे संबंध गुन्हा ठरत ते जुनं ३७७ कलमच नाही. लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. तेवढं खरं सांगितलं पाहिजे, पोरांना खोटी आशा दाखवून उपयोग नाही. शिवाय अठराच्या आत संमतीला कायदा संमती मानत नाही, मग मुलगा-मुलगी असो की मुलगा-मुलगा. पण समलिंगी असणं हा गुन्हा नाही.

मोबाइलवरच्या ॲपवर ओळख काढून बायपासला बोलवायचं, फोटो काढायचे आणि ‘घरी पाठवतो’ म्हणून पैसे उकळायचे, हा धंदा चालतो तो एवढ्याच भीतीवर. यात गुन्हेगार पैसे मागणारा असतो. खंडणीसाठी न्याय संहितेचं ३०८ कलम आहे. चॅट पुसू नका, पैशाच्या व्यवहाराचे स्क्रीनशॉट ठेवा आणि पहिले पाच हजार देण्याआधी विश्वासातल्या एका तरी माणसाला सांगा. पहिले दिले की दुसरे मागितले जातातच.

शाळा-कॉलेजचं म्हणाल, तर महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. त्याच्या व्याख्येत मारहाण तर आहेच, पण चिडवणं आणि शिवीगाळही आहे. म्हणजे ‘पोरं चिडवतातच’ या वाक्याला विधिमंडळानं पंचवीस वर्षांपूर्वीच उत्तर दिलंय. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. वसतिगृह आणि क्लासही त्यात येतात. तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, आणि हयगय केली तर त्यानंच गुन्ह्याला साथ दिली असं कायदा मानतो. मुख्याध्यापकांना हे कलम माहीत आहे असं गृहीत धरू नका. तक्रार लेखी द्या, तारीख टाका, कोण काय म्हणालं ते त्याच शब्दांत लिहा, शब्द घाण असला तरी. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

कॉलेजात आणखी सोपं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलाचा नाव घेऊन समावेश केला. नगरची बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतात, त्यांना हा नियम लागू आहेच. आयोगाचा फोन १८००-१८०-५५२२. शाळांमध्ये तक्रारपेट्या आहेत, २०२२ पासून विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्याही आहेत. सावित्रीबाई अध्यापनाचं शिक्षण घ्यायला नगरलाच मिस फरार यांच्याकडं होत्या, तेव्हा निदान या जिल्ह्यात तरी ती समिती कागदावर राहू नये. वसतिगृहात कोणी अंगाशी आलं तर अठराच्या आतल्यांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा मुलग्यांनाही तितकाच लागू होतो.

‘एवढं आहे तर घरी सांगून का टाकत नाही?’

कारण घरातून बाहेर काढलं तर रात्री जायचं कुठं, याचं उत्तर त्याच्याकडं नसतं. कधी सांगायचं, कोणाला सांगायचं, सांगायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. शिक्षकाला कळलं आणि ‘त्याच्या भल्यासाठी’ त्यानं बापाला फोन लावला, तर त्या एका फोननं पोराचं शिक्षण थांबू शकतं. छळाची तक्रार करायला ओळख उघड करावी लागत नाही. ‘मला शिव्या देतात, मारतात’ एवढं पुरतं.

आईवडील वाईटच वागतात असंही नाही. ३७७ कलमाविरुद्धचा लढा २०१३ च्या निकालाआधी सर्वोच्च न्यायालयात चालू होता, तेव्हा समलिंगी मुलामुलींचे काही पालक मुलांच्या बाजूनं कोर्टात गेले. चित्रा पालेकर त्यांपैकी एक. पुढं २०१७ मध्ये मुंबईत ‘स्वीकार’ हा पालकांचाच गट उभा राहिला. पालकाला दुसऱ्या पालकानं सांगितलेलं पटतं. समुपदेशकाच्या तासाभरानं होत नाही ते एका आईशी दहा मिनिटं बोलून होतं.

‘बारावी होऊ दे, पुण्याला गेलास की सुटशील.’

ही प्रेमानं सांगितलेली समजूत आहे. २०१० च्या सप्टेंबरात अमेरिकेत छळाला कंटाळून मुलांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा डॅन सॅव्हेज आणि त्यांचे जोडीदार टेरी मिलर यांनी कॅमेऱ्यासमोर बसून ‘पुढं आयुष्य सुधारतं’ असं सांगितलं. पाठोपाठ हजारोंनी तसे व्हिडिओ केले, राष्ट्राध्यक्ष ओबामांनीही. त्यानं खूप मुलांना धीर मिळाला, आणि पुण्याबद्दलही ते खोटं नाही. तिथं २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला, २०११ मध्ये पहिली अभिमान यात्रा निघाली. माळीवाड्याहून एसटीनं तीन-साडेतीन तासांचा रस्ता.

पण शेवगावच्या आठवीतल्या पोराला तो रस्ता चार वर्षांचा आहे. मुलीला तर पुण्याला पाठवतीलच असं नाही. तोवर उद्या सकाळी साडेदहाला त्याच वर्गात, त्याच बाकावर बसायचंय. वाट बघायला सांगणं हा आधार नव्हे. आणि नगरनं सगळंच पुण्यावर का सोडावं? एचआयव्हीचं नाव काढलं की लोक चार हात लांब सरकायचे त्या काळात याच शहरात ‘स्नेहालय’ संस्थेनं एचआयव्हीबाधित मुलांसाठी घर उभं केलं.

अमेरिकेतल्या ट्रेव्हर प्रोजेक्टनं २०१९ मध्ये एक निष्कर्ष मांडला. ज्या मुलांना आहे तसं स्वीकारणारी एक तरी मोठी व्यक्ती होती, त्यांच्यात वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगण्याची शक्यता ४० टक्क्यांनी कमी आढळली. एक व्यक्ती. ती मामी असेल, पीटीचे सर असतील, ग्रंथालयातल्या मॅडम असतील. तिला लैंगिकतेवर भाषण देता येण्याची गरज नाही. वर्गात ‘बायल्या’ ऐकू आल्यावर फळ्याकडचं तोंड फिरवून ‘कोण बोललं ते? उभा राहा’ एवढं म्हटलं, तरी शेवटच्या बाकावरच्या एकाला कळतं की या माणसाशी बोलता येईल. आणि तो बोलायला आला तर सल्ला देण्याआधी ऐकून घ्यायचं. ‘जगावंसं वाटत नाही का?’ हा प्रश्न सरळ विचारायचा. विचारल्यानं ते खूळ डोक्यात शिरतं, ही आणखी एक समजूतच.

पुढं काय बोलायचं ते सुचलं नाही तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, फुकट आणि मराठीत चालू असतो. तो पोरानंच लावला पाहिजे असं नाही. ‘माझ्या वर्गातल्या एका मुलाला असा असा त्रास होतोय, त्याच्याशी कसं बोलू?’ एवढं विचारायला शिक्षकानं किंवा आईनं लावला तरी चालतो, आणि त्या मुलाचं नाव सांगावं लागत नाही.