वाकळेचा पत्ता

आमच्या वहिनींना वाकळ शिवताना एकदा पाहावं. जुनी लुगडी, विटलेली धोतरं एकावर एक अंथरायची, कडा दुमडायच्या आणि काठापासून धावदोरा घालत, चौकोनात चौकोन करत आत सरकायचं. शेवटचा टाका पडतो तो बरोबर मधोमध. पुण्या-मुंबईकडे हिलाच गोधडी म्हणतात. या वाकळा आता दूरवर विकायच्या म्हणून वेबसाइट काढायचं ठरलं. ‘नाव काय, वाकळ ठेवू की,’ वहिनी म्हणाल्या. पाच मिनिटांचं काम. त्याला तीन आठवडे लागले.

का? रोमन लिपीत वाकळ लिहून बघा. सुरुवातीला व्ही की डब्ल्यू? पुढे एक ए की दोन? एवढ्या दोन शंकांतच चार स्पेलिंगं झाली. ळ तर रोमन लिपीत नाहीच, तिथे एल बसवायचा. वहिनींनी कागदावर लिहिलेलं नाव माझ्या मुलाने उचलून वाचलं आणि विचारलं, ‘काकू, वकिली कधी सुरू केलीत?’

त्या दिवसापासून मला छंदच जडला. के-ए-एल-ए घ्या. कला वाचा, काळा वाचा, पोटातल्या कळा वाचा, नाहीतर दहीहंडीचा काला. वस्तू आणि वास्तू सर्रास एकाच स्पेलिंगने लिहितात. म्हणजे विकायला ठेवावी पिशवी आणि फोन यावा की आमची शेगडी दक्षिणेला आहे, काय करू? टाके लिहा, इंग्रजी वाचणाऱ्याला ते ‘टेक’ दिसेल, म्हणजे घ्या! सूत लिहिताना दोन ओ घातले की इंग्रजीत काजळी होते. पांढऱ्याशुभ्र सुताचं दुकान आणि पाटीवर काजळी.

पण मुळात नाव लागतंच कशाला? संगणकांना आपसात बोलायला नाव नकोच असतं, त्यांचं काम आकड्यांवर चालतं. नाव लागतं ते तुम्हा-आम्हाला, कारण आकडे आपल्या डोक्यात राहत नाहीत. मग नावावरून आकडा कोण सांगणार?

सुरुवातीचं उत्तर ऐकून हसू येतं. १९७० च्या दशकात सगळ्या जाळ्यातल्या संगणकांची नावं एका फाइलमध्ये होती. एका! कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला एलिझाबेथ फाइनलर यांचं कार्यालय ती सांभाळायचं. नवा संगणक जोडायचा तर कार्यालयाच्या वेळेत फोन करून नाव नोंदवायचं, जसं काही तलाठ्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवायचं. बाकीचे संगणक त्या फाइलची प्रत उतरवून घेत. जाळं वाढलं तशी फाइल फुगली आणि प्रती जुन्या पडू लागल्या.

१९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी तोड काढली, ती मला आजही जादूसारखी वाटते. सगळी वही कुणा एकाकडे ठेवायचीच नाही. प्रत्येकाने फक्त आपल्यापुढचा माणूस ओळखायचा. खेड्यात पाहुणा पत्ता शोधतो तसं. एसटी स्टँडवरचा सांगतो, ‘वरच्या आळीला जा’. आळीतला सांगतो, ‘मारुतीच्या देवळामागे’. देवळातला बोट दाखवतो, ‘ते निळं दार.’ अख्खं गाव कुणालाच पाठ नाही, तरी पाहुणा दारात पोचतो.

यातली गंमत अशी की आपण नाव डावीकडून वाचतो आणि यंत्रणा उजवीकडून. ‘डॉट इन’ आधी, वाकळ नंतर. पाकिटावरचा पत्ताही टपालखातं असाच खालून वर वाचतं, आधी गाव, मग घर. (त्यातला पिनकोड ही श्रीराम भिकाजी वेलणकर यांची देणगी. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला, आणि हे वेलणकर संस्कृतचे कवी होते!)

आणखी एक मौज. प्रत्येक नावाच्या अगदी शेवटी एक टिंब असतं, ते आपण कधी लिहीत नाही. त्या अदृश्य टिंबापासूनच शोध सुरू होतो. ते टिंब म्हणजे या झाडाचं मूळ, आणि त्याची राखण ए ते एम अशा तेरा नावांचे सर्व्हर करतात. तेराच का? त्या काळी उत्तराच्या पुडक्यात ५१२ बाइट एवढीच जागा असायची, आणि त्यात तेवढेच पत्ते नीट मावत. आज या तेरांच्या प्रती जगभर हजाराहून जास्त ठिकाणी ठेवल्यात, आपल्या मुंबईतही. एकदा मिळालेलं उत्तर वाटेतली यंत्रं काही काळ लक्षातही ठेवतात, म्हणून दर वेळी मुळापर्यंत जावं लागत नाही. बार्शीतल्या गिऱ्हाइकाने नाव टाइप केलं की ही सगळी विचारपूस पापणी लवायच्या आत उरकते.

मग वाकळ सरळ देवनागरीतच का लिहू नये? लिहिता येतं! २०१४ पासून ‘डॉट भारत’ देवनागरीत मिळतं. पण खालच्या यंत्रणेला तर इंग्रजीची २६ अक्षरं, दहा अंक आणि एक आडवी रेघ, एवढंच कळतं. मग तिच्या गळी ‘भारत’ कसं उतरवलं? वेषांतर करून. ‘भारत’ आतून प्रवास करतं ते असं: एक्स-एन, दोन आडव्या रेघा, एच-२-बी-आर-जे-९-सी. पहिली खूण सांगते की पुढे सोंग आहे. उरलेल्या सात चिन्हांत कोणती अक्षरं आणि कोणत्या जागी, हे दोन्ही दडलेलं असतं. त्यावरून ‘भारत’ पुन्हा जसंच्या तसं उभं राहतं. दर्या आणि दऱ्या रोमनमध्ये एकच. इथे मात्र समुद्र वेगळा राहतो, डोंगरातल्या घळी वेगळ्या.

वहिनी हरखल्या. मग म्हणाल्या, ‘पण बेळगावची माझी नणंद कानडी कीबोर्ड वापरते, आणि अमेरिकेतली गिऱ्हाइकं ळ कुठून आणणार?’ खरंच होतं. देवनागरी नाव जोडीला ठेवायचं, पण रोमन लागणारच.

मग शब्दांची खैरात सुरू झाली. ऊब! इतका गोड शब्द, आणि हिंदीत त्याचा अर्थ कंटाळा. मऊमऊ? रोमनमध्ये लिहिलं आणि समोर केनियातलं १९५२ चं माऊ माऊ बंड उभं राहिलं. नऊवारीतला वार डब्ल्यूने लिहिला की युद्ध. चिंधी म्हणताच घरात सगळे ओरडले, कारण मुंबईच्या बोलीत चिंधी म्हणजे हलकटपणा. आणि परदेशातल्या दुकानांत ‘चिंदी रग’ याच नावाने कापडाच्या पट्ट्यांच्या सतरंज्या मानाने विकल्या जातात!

इंटरनेटवर हस्तकलेचा मोठा बाजार भरवणाऱ्या एट्सीच्या नावाचं काय? २००५ मध्ये ती सुरू करणाऱ्या रॉब केलिन यांना मुद्दाम बिनअर्थाचा शब्द हवा होता. फेलिनीचा ‘साडेआठ’ हा इटालियन चित्रपट बघताना कानावर पडेल ते ते टिपत गेले, त्यात हा सापडला. इटालियन माणसं बोलता बोलता म्हणतात ते ‘हो, तर’ असं काहीतरी. मला हा आडमुठेपणा आवडतो. त्यात शहाणपणही आहे. वाकळ हा मालाचाच शब्द, त्यावर कुणा एकाला ट्रेडमार्कचा हक्क सहसा मिळत नाही. गावातला कुठलाही दुकानदार तो वापरणार. अर्थच नसलेला शब्द मात्र तुमचा.

शेवटी वहिनींनीच परीक्षा शोधून काढली. पाटणच्या खोऱ्यात राहणाऱ्या भावाला फोन लावायचा. तिथे रेंज कधी येते, कधी जाते. नाव एकदाच म्हणायचं, स्पेलिंग सांगायचं नाही, आणि त्याने जे टाइप केलं ते वाचून दाखवायचं. पहिली अकरा नावं पडली. धावदोऱ्याचं तर त्याने ढोल-ताशाचं पथक करून टाकलं. बारावं नाव त्याने बरोबर लिहिलं. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा बरोबर. शेजारच्या पोरीला फोन द्यायला लावला, तिचंही बरोबर.

ते नाव इथे लिहिलं असतं. पण ही नावं विकत मिळत नाहीत, एक ते दहा वर्षांच्या भाड्याने मिळतात, आणि जो आधी येईल त्याला. ‘आधी पैसे भरू द्या भावजी,’ वहिनींनी दम दिलाय, ‘मग काय लिहायचं ते लिहा.’