मुलींच्या उड्या

आमच्या सोमाटण्याच्या घराच्या ओसरीवरून घोरावडेश्वराचा डोंगर दिसतो. गेल्या उन्हाळ्यांत तिकडे बोट दाखवून धाकट्या नातीनें विचारलें, "आजोबा, तेथून आकाशांत उडी घेतां येईल का हो?" मी सवयीनें रागावलों. मागाहून मात्र मन खाऊं लागलें. समुद्रतीरीं स्तब्ध बसलेल्या मारुतीस त्याच्या बळाची आठवण करून देणारा जांबवान वृद्धच होता. मीहि वृद्ध, पण माझ्या तोंडून प्रथम नकारच निघाला.

म्हणून दुसऱ्या दिवशीं मीं तिला पुण्याच्या श्रीमती शीतल महाजन यांची हकीकत सांगितली. १८ एप्रिल २००४ रोजीं, एकवीस वर्षांच्या असतांना, त्यांनीं उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरांतून २,४०० फुटांवरून हवाई छत्रीच्या साह्यानें उडी घेतली. खालीं गोठलेला समुद्र, हवा शून्याखालीं ३७ अंश, आणि ती त्यांच्या आयुष्यांतील पहिलीच उडी! डिसेंबर २००६ मध्यें दक्षिण ध्रुवावर ११,६०० फुटांवरून उडी घेऊन त्यांनीं दोन्ही ध्रुव साधले. असें करणारी ही पहिलीच स्त्री. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. २०१८ मध्यें थायलंडांत त्यांनीं चक्क नऊवारी नेसून सुमारें १३,००० फुटांवरून उडी घेतली. हें ऐकून घरांतील वडील बायकाहि माजघरांतून ओसरीवर आल्या.

मुलींस अडविणारे आजोबा केवळ आपल्याकडेच असतात असें नाहीं. बर्फाच्या उतारावरून घसरत येऊन लांब झेप घेण्याचा खेळ हिवाळी ऑलिंपिकांत पुरुषांसाठीं १९२४ पासून आहे. स्त्रियांस तेथें प्रवेश मिळाला तो २०१४ सालीं. त्यांच्या शरीरास हा खेळ मानवणार नाहीं, अशी शंका तोंवर काढली जात असे. त्या वर्षीं जपानची सारा ताकानाशी सतरा वर्षांची होती. ती जिंकणार असें बहुतेकांस वाटत होतें. ती चौथी आली. तिनें खेळ सोडला नाहीं. २०१८ मध्यें तिनें कांस्यपदक मिळविलें, आणि विश्वचषकाच्या स्पर्धांत तिचे विजय साठांवर गेले.

या दोन चरित्रांतील एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. ताकानाशीस लहानपणापासून सरावाची टेकडी मिळाली. महाजनबाईंस पहिली उडी सरावावांचून घ्यावी लागली. त्यांच्या धैर्यास माझा नमस्कार आहे. परंतु तें अनुकरणीय आहे असें मी नातीस सांगणार नाहीं. अनुकरणीय आहे तें त्यापुढचें: एकदां यश मिळाल्यावर न थांबतां त्यांनीं वर्षानुवर्षें शेंकडों उड्या घेतल्या, हें. मुलगी बिनसरावानें उडी घेते, तेव्हां तिच्या धाडसाची वाहवा करून वडील मंडळींनीं मोकळें होऊं नये. सरावाची जागा आपण तिला कां दिली नाहीं, हेंहि स्वतःस विचारावें.

मीं तें विचारलें, आणि परसांत वाळूचा एक खड्डा करविला. डोंगरावरून उडी नाहीं, हें नातीनें मान्य केलें आहे. रोज संध्याकाळीं ती धांवत येऊन खड्ड्यांत झेप घेते, आणि अंतर मोजण्याचें काम माझ्याकडे आहे. एक वीतभर कमी भरलें, तर पुन्हां मोजावयास लावते.