दुसरं सिम

पुण्यातल्या एका बागेत दुपारी अडीच वाजता मावशी आणि मी बाकावर बसून वाट बघत होतो. मावशींनी बुधवार पेठेत वीस वर्षं धंदा केला. आता त्या एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पात पिअर आहेत, म्हणजे त्याच कामातल्या बायांपर्यंत निरोध आणि तपासणी पोचवतात. पेठेत एका जिन्यावर वीस बाया भेटतात. घरी राहून हे काम करणाऱ्या एकीला गाठायला मात्र तीन-तीनदा फोन करावा लागतो.

ती आली. खांद्याला ऑफिसची बॅग, गळ्यात ओळखपत्र. कंपनी सुटून चार वर्षं झाली, तरी सोसायटीच्या जिन्यात दिसावं म्हणून ती ते रोज घालते.

मावशींनी वही उघडली. वहीत नाव नसतं, कोड असतो. रक्ततपासणी कधी झाली, अंगावरून पांढरं जातंय का, पाकिटं किती देऊ, असं मावशी नेहमीच्या आवाजात विचारत होत्या. ती प्रत्येक उत्तराआधी मागे बघायची. मावशी ‘धंदा’ म्हणतात, ‘गिऱ्हाईक’ म्हणतात. ती ‘काम’ आणि ‘क्लायंट’ म्हणते. पाकिटं तिने डब्याच्या पिशवीत घातली, वर रिकामा डबा ठेवला.

ती बी.कॉम. आहे. अकाउंट्समध्ये बारा हजार पगार होता. लॉकडाऊनमध्ये नवऱ्याचं काम सुटलं, मागोमाग त्याचं आजारपण आलं आणि कर्जाचे वसुलीवाले सासरच्यांनाही फोन करू लागले. ओळखीच्या एकीने एजंटचा नंबर दिला. “मला कुणी विकलं नाही, मावशी. हप्ताच सोळा हजारांचा होता.” शिकलेली असून या कामात कशी, असं लोक विचारतात. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. पदवीने तिला हिशेब शिकवला, आणि तो बारा हजारांत बसत नव्हता.

दुसरं सिम अकरा ते चार चालू असतं. समोरच्याला ती आधी बोलतं ठेवते. आवाज जड लागला की नाही म्हणते. एजंट निम्मे घेतो. ठरलेल्या कितीतरी भेटी ऐनवेळी रद्द होतात. रिक्षाभाडं मात्र तिच्याच खिशातून जातं. जमाखर्च ती एक्सेलमध्ये लिहिते, ‘क्लास फी’ या नावाखाली.

१९५६चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा तिने मोबाइलवर पूर्ण वाचलाय. एकटीने, बंद दाराआड हे काम करणं हा मुळात गुन्हा नाही. पण दोघींनी आपल्या फायद्यासाठी मिळून खोली घेतली, तर तोच कायदा तिला कुंटणखाना म्हणतो. तिची एक मैत्रीण याच कामात आहे. एक आत असताना दुसरीने बाहेर बसावं, एवढाच त्यांचा बेत होता. तो सोडावा लागला. १९ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना या बायांशी सन्मानाने वागायला सांगितलं. ते तिला माहीत आहे. तिची मुलगी सोळा वर्षांची आहे. अठरा पूर्ण झालेल्या कुणी जाणूनबुजून अशा कमाईवर जगणं हा त्याच कायद्यात गुन्हा आहे, हेही तिला माहीत आहे.

माझ्या मते सगळ्यात जास्त झीज होते ती या लपवाछपवीत. शरीराची काळजी ती घेते. पण रात्री झोप लागत नाही, घराजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे जायची सोय नाही, माहेरी फोन केला की ऑफिसातल्या न घडलेल्या गोष्टी रचून सांगाव्या लागतात. गेल्या महिन्यात एकाने पैसे न देता हात पिरगाळला. ते तिने आज, या बाकावर, पहिल्यांदा कुणाला सांगितलं. मावशींनी तिची बाही वर करून मनगट बघितलं आणि बराच वेळ हातात धरून ठेवलं.

“पेठेत असं झालं तर काय करता?” तिने विचारलं.

“ओरडते बाई. सगळ्या धावतात.”

ती काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “जेवायलाही एकत्रच बसता का?”

“बसतो की. ये एकदा. रविवारी मटण असतं.”

तिने घड्याळ बघितलं. मुलीचा क्लास सुटायला वीस मिनिटं होती. ओळखपत्र कुडत्यावर सरळ करत ती उठली आणि फाटकाकडे चालू लागली. दोन पावलांवर थांबून तिने विचारलं, “रविवारी किती वाजता?”