माऊस नेला की पालटणारी पाटी

आमच्या काकांचे बेळगावात कुंद्याचे दुकान आहे. त्याची वेबसाइट करून देण्याचे काम यंदाच्या सुट्टीत माझ्याकडे आले. वाणिज्य शाखेच्या मुलीला हे कसे जमणार, अशी घरात शंका होती. परंतु ड्रीमवीव्हरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पान डोळ्यांसमोर जुळवीत जाता येते. मॅक्रोमीडिया कंपनीने ते १९९७ साली काढले. पुढे २००५ साली ही कंपनी अडोबीने घेतली.

माझ्या मनात एक गंमत होती. 'मिठाई', 'दर', 'पत्ता' या पाट्या मराठीत असाव्यात आणि माऊसचा बाण वर नेताच त्या कन्नडमध्ये दिसाव्यात.

युक्ती सोपी आहे. प्रत्येक पाटीची दोन चित्रे करावीत, एक मराठी व एक कन्नड. दोन्हींचे माप एकच हवे. समजा, १२० बाय ४० पिक्सेल. नाहीतर दुसरे चित्र पहिल्याच्या मापात ताणले जाऊन अक्षरे विद्रूप होतात. मग 'इन्सर्ट' मेनूतून 'रोलओव्हर इमेज' निवडावे. उघडलेल्या चौकटीत आधी मूळ चित्र, मग पालटून येणारे चित्र आणि शेवटी कोणते पान उघडायचे ते द्यावे. 'प्रीलोड'ची खूण विसरू नये. तिच्यामुळे दुसरे चित्र आधीच आणून ठेवले जाते. एरवी बाण नेल्यावर ते येईपर्यंत ताटकळावे लागते. बाकीचे काम सॉफ्टवेअर करते. बाण आला की चित्र बदल, बाण गेला की पूर्ववत कर, अशा अर्थाच्या जावास्क्रिप्टच्या ओळी ते स्वतः लिहिते.

नुसता रंग पालटायचा असेल तर चित्रेही नकोत. सीएसएसमध्ये 'हॉवर' नावाची सोय आहे. तिच्यात नवा रंग लिहावा आणि 'ट्रान्झिशन' ०.३ सेकंद ठेवावे, म्हणजे रंग हळुवार चढतो.

पाट्या पालटू लागल्या आणि मी हुरळून गेले. दुसऱ्याच दिवशी दुकानात धारवाडकडच्या एक बाई आल्या. मी कौतुकाने त्यांना फोनवर साइट उघडून दिली. त्यांनी वरखाली पाहिले आणि विचारले, "कन्नड एल्लिदे?" कन्नड कुठे आहे?

मी ओशाळले. फोनला माऊस नसतो. बोट एकतर टेकते, नाहीतर टेकत नाही. पाटीवर तरंगणारा बाण तेथे कुठून येणार? बोट टेकताच पुढचे पान उघडत होते आणि कन्नड पाटी दिसतच नव्हती.

काका म्हणाले, "अगं, दुकानावरची पाटी आपण दोन्ही भाषांत रंगवली आहे. ती वाचायला कुणाला काही करावे लागते का?"

त्या रात्री मी पाट्या बदलल्या. आता मराठी व कन्नड दोन्ही अक्षरे शेजारी शेजारी, उघड दिसतात. बाण नेला की फक्त रंग पालटतो. जे माऊस न वापरता टॅब कळीने पुढे सरकतात, त्यांच्यासाठी 'फोकस'लाही तोच रंग दिला आहे.

वाचकमित्रहो, तुम्हीही हा खेळ जरूर करून पाहा. एवढेच ध्यानी धरा, की बाण नेल्यावर दिसते ती शोभा असावी. गिऱ्हाइकाच्या गरजेची गोष्ट त्याखाली झाकू नये. आणि आपल्या गावात तर कोणाची भाषा मुळीच झाकू नये.