गहू सोडण्यापूर्वीच रक्ततपासणी का करावी?

तमिळनाडूतील कुंभकोणमनजीकचे तिरुनीलक्कुडी हे गाव कावेरीच्या भातशेतीच्या पट्ट्यात आहे. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे बळावणारा सिलिॲक आजार अशा भागात दुर्मीळ मानला जातो, आणि त्यात तथ्य आहे. देशातील 23,331 प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार या आजाराशी निगडित प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तर भारतात 1.23 टक्के, तर दक्षिणेत 0.10 टक्के आढळले. आजाराला अनुकूल जनुके मात्र दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती. मोठा फरक आढळला तो आहारात: गव्हाचे सरासरी दैनंदिन सेवन उत्तरेत 455 ग्रॅम, दक्षिणेत अवघे 25 ग्रॅम. त्यामुळे रवा, परोटा आणि बिस्किटे नित्याची झालेल्या घरांत दीर्घकाळचे जुलाब, मुलांची खुंटलेली वाढ किंवा लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा रक्तक्षय दिसल्यास केवळ प्रदेश पाहून ही शंका बाजूला सारणे योग्य नाही.

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ‘टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज’ या विकराविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. हा विकर नेमके लक्ष्य असल्याचे 1997 मध्ये स्पष्ट झाले. रक्तातील ‘टीटीजी-आयजीए’ चाचणी हीच प्रतिपिंडे मोजते. तिच्यासोबत एकूण आयजीएचे प्रमाणही तपासावे लागते; काही रुग्णांत आयजीए मुळातच कमी असते आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येतो. अशा वेळी आयजीजी वर्गातील प्रतिपिंडे पाहतात. प्रौढांत सामान्यतः दुर्बिणीद्वारे लहान आतड्याचा तुकडा तपासून निदान पक्के केले जाते. मुलांत प्रतिपिंडे मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असतील आणि दुसऱ्या नमुन्यातील ‘ईएमए’ चाचणीही सकारात्मक असेल, तर तज्ज्ञ ही तपासणी टाळू शकतात.

खरी गफलत होते ती क्रमात. पोट बिघडते म्हणून अनेक जण आधी पोळी बंद करतात आणि काही महिन्यांनी प्रयोगशाळेत जातात. ग्लुटेन थांबल्यावर प्रतिपिंडे हळूहळू घटतात, आतडेही सावरू लागते. मग ‘सारे ठीक’ या अहवालाला फारसा अर्थ उरत नाही. निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खाण्याची वेळ येऊ शकते, तीही वैद्यकीय देखरेखीखाली.

निदान झाल्यावर पथ्य आयुष्यभराचे असते. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी चालतात, मात्र दळताना त्यांत गव्हाचे पीठ मिसळता कामा नये. सांबारातील हिंगाकडेही लक्ष हवे: बाजारातील बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो.